कोपऱ्यातल्या टेबलाची केबल

१

डोळ्यांच्या दवाखान्यातली ऑपरेशनची रांग गुरुवारी दुपारी नाहीशी झाली. बाकांवर बसलेल्या माणसांची रांग नव्हे. मोतीबिंदूसाठी नावं दिलेल्या सगळ्यांचे नंबर कॉम्प्युटरमध्ये होते, ते गेले. कुणाचा डोळा आधी आणि कुणाचा नंतर, हे आता कुणालाच सांगता येत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मला फोन आला. दवाखान्याचा कारभार बघणाऱ्या बाई बोलत होत्या. तिथं सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतात.

"तुम्ही केबलवाले ना?"

"हो."

"मला केबल दुरुस्त करून नकोय. रांग कुणी पुसली ते तपासून सांगा. म्हणजे कुणी पुसली ते मला माहीत आहे. तुम्ही फक्त हो म्हणालात, की संध्याकाळी मी तिला काढून टाकायला मोकळी."

"आणि नाही म्हणालो तर?"

"मग खरं काय ते सांगा. पण संध्याकाळच्या आत."

त्या काळी एका ऑफिसातले कॉम्प्युटर एकमेकांना जोडणं ही नवलाई होती. मी त्याच्या केबली टाकायचो, आणि दुसऱ्यांनी टाकलेल्या सांभाळायचो. या दवाखान्यातली केबल दुसऱ्या कंपनीनं टाकली होती आणि ती कंपनी गाशा गुंडाळून गेली होती. म्हणून मी.

माझी बायको, ही, जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. निघताना मी पलंगाला वळसा घालून पलीकडच्या बाजूला गेलो, उशीसमोर उभा राहिलो आणि "येतो गं," म्हणालो. पलंग रिकामा होता. पण दाराकडून, पाठीमागून सांगून निघायची माझी सवय केव्हाच मोडली होती. ती का मोडली, हे पुढे येईलच.

२

मोठ्या बाईंनी त्यांच्या टेबलावर एक पितळी टोपण ठेवलं. बोटाच्या पेराएवढं.

"हे तिच्या ड्रॉवरमध्ये सापडलं. केबलच्या टोकाला लावायचं असतं ना हे? काढलं की सगळं बंद पडतं, असं ते कंपनीवाले सांगून गेले होते."

"बरोबर आहे."

"रांग शेवटची तिनंच उघडली होती. तिच्या सख्ख्या मावशीचं नाव त्या रांगेत आहे, पार मागे. आता रांगच नाही म्हटल्यावर नवी करावी लागेल. नवी करताना मावशी पुढे. कळलं?"

"कळलं. तुम्ही तेव्हा काय करत होता?"

"मी? नवे नंबर घालून रांग साठवत होते. मध्येच सगळं अडकलं. परत सुरू झालं तेव्हा जुनी रांगही नाही आणि नवीही नाही."

मी टोपण खिशात टाकलं आणि केबलच्या मागोमाग निघालो.

केबल बाईंच्या खोलीत सुरू होत होती. तिथं एका कपाटात मुख्य मशीन होतं. तिथून ती स्टोअरमध्ये, स्टोअरमधून कागदपत्रांच्या खोलीत, आणि तिथं शेवट. एकच केबल, आणि वाटेत प्रत्येक कॉम्प्युटर तिला चिकटलेला, वाळत घातलेल्या कपड्यांसारखा. अशी केबल निवडताना तेव्हा तीन गोष्टी समोर असायच्या. एक जाडजूड पिवळी, अंगठ्याएवढी, जी वळता वळत नाही. दुसरी टेलिफोनच्या तारेसारखी, पिळाची. ती नुकती येत होती, आणि तिला मध्ये एक पेटी लागते, प्रत्येक टेबलापासून त्या पेटीपर्यंत वेगळी तार. तिसरी ही पातळ काळी. चार कॉम्प्युटरांच्या दवाखान्याला पातळ काळीच योग्य. निवडणाऱ्यानं चूक केली नव्हती.

कागदपत्रांची खोली लांबट होती. मधोमध केसपेपरच्या गठ्ठ्यांच्या फळ्या, शिवून शिवून रचलेले गठ्ठे. केबल भिंतीच्या तळाशी खिळ्यांनी बसवलेली, म्हणून टेबलंही भिंतीला लावलेली, म्हणून माणसंही भिंतीकडे तोंड करून बसलेली. दाराजवळच्या टेबलावर एक मुलगी पाठमोरी बसली होती. ती वळली तेव्हा दिसलं की डोळे सुजलेत. हीच ती. तिला सगळे धाकटी म्हणत.

पलीकडच्या कोपऱ्यात एक म्हातारे गृहस्थ होते. तात्या. कागदपत्रांचे कारकून, दवाखान्यातले सगळ्यात जुने. त्यांचं एकट्याचं टेबल भिंतीला नव्हतं. कोपऱ्यात पाठ, खोलीकडे तोंड.

मी दोन्ही टोकं तपासली. एक बाईंच्या कपाटामागं, दुसरं तात्यांच्या मशीनपाशी. दोन्ही ठिकाणी टोपणं जागच्या जागी, घट्ट. मीटर लावला. दोन्ही टोपणं नीट असली की जेवढा आकडा यायला हवा, तेवढाच आला.

म्हणजे माझ्या खिशातलं टोपण तिसरं होतं. एका केबलला टोकं दोनच असतात.

३

"ते होय? ते मीच दिलं तिला," स्टोअरवाला म्हणाला. त्याला सगळे रेडिओ म्हणतात, कारण तो एकदा सुरू झाला की बंद करायचं बटण नाही. "कंपनीवाले डबा सोडून गेले ना, त्यात जास्तीचं होतं. धाकटी म्हणाली, अय्या, अंगुस्तानासारखं आहे, शिवताना बोटात घालायला होईल. म्हटलं घे बाई. आता तिच्यावर बालंट आलं म्हटल्यावर मला कुणी विचारेल तर ना! इथं मला कुणी काही विचारतच नाही. मीच सांगतो."

"त्या डब्यात आणखी काय होतं?"

"पितळी जोड होते चारदोन. केबलच्या टोकाला बसवायचे. डबा उघडाच असतो, कुणीही घ्या."

"आणि केबल?"

"जास्तीची एक वीतभरही नाही. मापून आणलेली. हां, टीव्हीची केबल आहे माझ्याकडे, वेटिंगमध्ये टीव्ही बसवला त्यातली उरलेली." त्यानं वेटोळं दाखवलं. पांढरं, कोरं करकरीत.

"तुमच्या घरी टीव्ही आहे?"

"म्हणजे काय! काल मालिकेत सासरा पळून गेला. बघितलं नाही तुम्ही? अहो, मग करता काय संध्याकाळी?"

मी पांढरं वेटोळं परत जागेवर ठेवलं. संध्याकाळी मी काय करतो ते सांगण्यासारखं नव्हतं.

धाकटी माझ्याशी बोलताना भिंतीकडेच बघत होती.

"मावशीचं नाव आहे रांगेत, खरंय," ती म्हणाली. "मीच लिहिलं. शेवटी लिहिलं, कारण ती शेवटी आली. काका, मला नंबर चोरायचाच असता तर नाव वर नसतं का लिहिलं? कुणाला कळणार होतं? सगळी रांग कशाला पुसेन मी?"

हे मला पटलं. पण पटणं वेगळं, दाखवून देणं वेगळं.

"रांग का उघडली होतीस?"

"एक आजोबा आले होते, माझा नंबर कधी म्हणून विचारत. त्यांना सांगायला. तेवढ्यात अडकलं. दुपारी नेहमीच अडकतं."

"नेहमी?"

"सगळे एकदम कामाला लागले की. सकाळी मी एकटी असते तेव्हा छान चालतं. आधी तर दुपारीही चालायचं. आता किती दिवस झाले... तात्यांनी टेबल हलवलं ना, त्या सुमारापासून." मग म्हणाली, "तात्यांचंही काही कळत नाही. आधी मला पोरी पोरी करायचे. डब्यातलं द्यायचे. आता हाक मारली तर ओ देत नाहीत. काल मी इथं रडत होते, ते बघत होते नुसते. एक शब्द नाही."

"घरी कोण असतं तुझ्या?"

"आई. तिला अजून सांगितलं नाही मी. नोकरी गेली तर सांगायचं कसं, तेच रात्रभर ठरवत होते."

आम्ही बोलत होतो ते तात्यांपासून चार पावलांवर. त्यांनी मान वर केली नाही.

४

तात्यांच्या टेबलाखाली जायच्या आधी मी जमिनीकडे बघितलं. भिंतीलगत चटईवर चार खड्डे होते, टेबलाच्या पायांचे. टेबल आधी भिंतीलाच होतं. तिथून कोपऱ्यातल्या जागेपर्यंत केबल पुरली नसती. रेडिओ म्हणाला होता, वीतभरही जास्तीची नाही.

मग ती पुरली कशी?

मी चटईची कड उचलली. काळी केबल जुन्या जागेपर्यंत आली होती. तिथून पुढे दुसरी होती. तीही काळीच, पण किंचित जाड. बोटांत धरल्याशिवाय कळलं नसतं. पितळी जोड तिच्यावर नीट बसला नव्हता, कारण जोड पातळ केबलचा आणि ही जाड. कुणीतरी तो कसाबसा रेटून वर मेणाचा दोरा गुंडाळला होता, एकसारखे वेढे, शेवटी छोटी घट्ट गाठ. माझ्या शेजारच्या फळीवर तोच दोरा आणि तीच गाठ शेकडो केसपेपरवर होती.

मी ती जाड केबल उजेडात धरली. एका बाजूनं काळी, दुसऱ्या बाजूनं उन्हानं पांढुरकी पडलेली. एका ठिकाणी ती काटकोनात वळून तशीच राहिली होती, आणि त्या वळणावर निळ्या रंगाचे शिंतोडे. छपरावरून उतरून निळ्या खिडकीतून घरात शिरणारी, वर्षानुवर्षं ऊन खाल्लेली टीव्हीची केबल. रेडिओच्या स्टोअरमधली ही नव्हती. ही कुणीतरी आपल्या घरची उतरवून आणली होती.

माझा मीटर फसला होता तो इथंच. मीटरला तार सलग आहे का एवढंच कळतं. कोणत्या जातीची आहे, ते कळत नाही.

मी टेबलाखालूनच विचारलं, "तात्या, हा तुकडा कुणी जोडला?"

वर टेबलावर पेन चालण्याचा आवाज येत होता. तो चालूच राहिला.

मी मोठ्यानं विचारलं, "तात्या, ही तार तुमच्या घरची आहे का?"

पेन थांबलं नाही. पलीकडे धाकटीची खुर्ची मात्र करकरली.

दोरा त्यांचा, गाठ त्यांची, टेबल त्यांचं. आणि विचारलं तर तोंडातून शब्द नाही. मला राग आला. एक पोरगी घरी बसणार आहे, आणि हा म्हातारा सगळं माहीत असून गप्प बसलाय, असं मला तेव्हा वाटलं.

५

मी टेबलाखालून बाहेर आलो आणि त्यांच्यासमोर उभा राहिलो. तात्यांनी वर बघितलं आणि हसले.

"झालं का काम? बसा ना. उन्हातून आलात."

इतका निर्मळ चेहरा मी चोराचा बघितला नव्हता. मी बसलो. माझा राग कुठं ठेवावा ते कळेना.

"टेबल का हलवलंत, तात्या?"

"उजेडासाठी," ते म्हणाले. पाठ असल्यासारखं.

मी त्यांच्या पाठीमागं बघितलं. खिडकी तिथंच होती. बाहेरचं ऊन त्यांच्या खांद्यावरून सरळ कॉम्प्युटरच्या पडद्यावर पडत होतं. पडद्यावरचं अक्षर दिसावं म्हणून त्यांनी पुठ्ठा कापून त्याला छज्जा केला होता. उजेडासाठी टेबल हलवणारा माणूस असा बसणार नाही. पडद्यासाठी ही खोलीतली सगळ्यात वाईट जागा होती.

मग चांगली कशासाठी?

ऊन पडद्यावर पडत होतं, तसंच माझ्या तोंडावरही पडत होतं. दारातून जो येईल त्याच्याही तोंडावर पडणार होतं.

"संध्याकाळी काय करता?" मी विचारलं. "टीव्ही वगैरे?"

"आहे घरात. लावत नाही. हल्ली नुसती चित्रं हलतात त्यात."

तेवढ्यात माझी पक्कड टेबलावरून खाली फरशीवर पडली. धाकटी दचकून वळली. दारातून रेडिओचं डोकं आत आलं, "काय फुटलं?" तात्या माझ्याकडे बघत तसेच हसत राहिले.

आणि मग मला कळलं, की ते माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हते. माझ्या ओठांकडे बघत होते.

ती नजर माझ्या ओळखीची होती. ही गेली त्याच्या आधीचा सगळा काळ तिची नजर तशीच माझ्या ओठांवर असायची. आजारानं आधी तिचे कान गेले. पहिल्यांदा मला वाटायचं, ही रागावली, मुद्दाम बोलत नाही. मग कळलं. त्यानंतर मी पाठीमागून बोलणं सोडलं. पलंगाला वळसा घालायचा, समोर जायचं, दिवा स्वतःच्या तोंडावर घ्यायचा आणि मग बोलायचं. डोळ्यांवर ऊन आलं तरी मी खिडकीकडेच तोंड करून बसायचो.

मी टेबलाखालून दोनदा विचारलं होतं. तात्या गप्प बसले नव्हते. त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं.

मी हळू बोललो, आवाज न काढता, फक्त ओठांनी. "दुपारी सगळ्यांना बोलावतो. तुम्ही इथंच बसा."

"बरं," तात्या म्हणाले.

६

दुपारी मोठ्या बाई आल्या त्या दारातच उभ्या राहिल्या. रेडिओ आला. धाकटी तिच्या खुर्चीत, भिंतीकडे तोंड करून.

"झालं का?" बाई म्हणाल्या. "सांगा."

"आधी सगळ्यांनी कामाला लागा. नेहमी दुपारी करता तसं. बाई, तुमच्या खोलीत कुणालाही बसवा."

सगळे लागले. थोड्याच वेळात अडकलं. चारही पडदे गोठल्यासारखे.

मग मी चटईखालचा तो जाड तुकडा काढून टाकला. तात्यांचं मशीन तेवढं सुटलं. जुन्या जागी, जिथं चांगली केबल संपत होती, तिथं माझ्या खिशातलं टोपण लावलं, धाकटीचं अंगुस्तान. "आता करा."

चालायला लागलं. तात्यांच्या वाटणीचं कामही मी स्टोअरमधून करायला लावलं. कितीही भार टाकला तरी अडलं नाही.

"रांग कुणी पुसली नाही, बाई," मी म्हणालो. "तुम्ही साठवत होता, अर्ध्यावर वाट बंद झाली. जुनी काढली गेली होती, नवी पोचली नव्हती. तेवढंच झालं. टोपण तिनं काढलेलं नाही, दोन्ही टोकांची जागेवर आहेत. हे तिसरं रेडिओनं दिलेलं."

"मी सांगणारच होतो—" रेडिओ म्हणाला.

"आणि वाट का बंद झाली?" बाईंनी विचारलं.

मी दोन्ही केबली त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी उलटसुलट करून बघितल्या.

"सारख्याच तर आहेत. तार ती तार."

"दिसायला सारख्या. सोलल्या तरी आत सारख्याच, मध्ये एक तार आणि भोवती जाळी. पण एक कॉम्प्युटरची आहे, दुसरी टीव्हीची. लांब बोळात हाक मारली तर ती पुढे जाते. पण बोळाची रुंदी मध्येच बदलली, तर थोडी हाक तिथून परत फिरते. या दोन केबली जोडल्या तिथं तसं होतं. त्यात जोडही सैल. सकाळी एकटी धाकटी हाक मारत असते, तेव्हा निभावतं. दुपारी चौघं बोलायला लागले, की परत आलेल्या हाका आणि नव्या हाका यांचा गोंधळ होतो. मग कुणाचंच कुणाला कळत नाही."

बाईंनी जाड केबल वर धरली. मग म्हणाल्या, "लावली कुणी ही?"

धाकटी आता भिंतीकडून वळली होती. तिनं चटईवरचे खड्डे बघितले असावेत, कारण ती तात्यांकडे बघत होती. तात्या आमच्याकडे बघत होते, एकाकडून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे. कोण कधी बोलेल ते कळत नसलं की माणूस असं बघतो. आमच्या घरी पाहुणे जमले की ही असंच करायची, आणि सगळे हसले की हसायची.

ते नाव मी घेऊ शकलो असतो. पण एक गोष्ट आधी व्हायला हवी होती.

मी स्टूल ओढलं, तात्यांच्या समोर बसलो, खिडकीकडे तोंड करून. सावकाश म्हणालो, "तात्या, काल ऑपरेशनची रांग गेली, ती हिनं पुसली म्हणून आज संध्याकाळी हिला कामावरून काढतायत."

"कुणाला?"

"धाकटीला."

तात्यांनी धाकटीकडे बघितलं, मग परत माझ्या तोंडाकडे. आपण बरोबर वाचलं का, याची खात्री करून घेतल्यासारखं.

"काल रडत होती ती... त्यासाठी? मला वाटलं आई आजारी आहे तिची. म्हटलं, उगाच कशाला विचारायचं. विचारलं की ती सांगणार, आणि ते मला..." ते खुर्चीला धरून उभे राहिले. "बाई, ती तार माझी आहे. घरच्या टीव्हीची. टेबल हलवायचं होतं, केबल पुरेना. दोन्ही काळ्याच दिसल्या. त्यानं रांग जाईल हे मला माहीत नव्हतं. पोरीला का काढता? मला काढा."

"पण टेबल कशाला हलवायचं होतं तुम्हाला?" बाई म्हणाल्या. त्या तेव्हा फळीकडे वळल्या होत्या.

तात्या वाट बघत राहिले.

"बाई," मी म्हणालो, "त्यांच्याकडे बघून विचारा."

बाई वळल्या. तात्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग खिडकीकडे. त्या हुशार आहेत. मला पुढे काही सांगावं लागलं नाही.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"हळूहळू गेलं," तात्या म्हणाले. "आधी फळीमागचं ऐकू येईना. मग भिंतीकडे तोंड करून बसवलंत आम्हाला, तेव्हा कळलं की मी तोवर तोंडं बघूनच ऐकत होतो. भिंतीला तोंड नसतं. सांगितलं असतं तर घरी बसवलं असतं तुम्ही. घरी काय आहे?"

"अरे देवा," रेडिओ म्हणाला. "म्हणजे इतके दिवस मी कुणाशी बोलत होतो?"

धाकटी आधी हसली आणि मग रडली. ती उठून कोपऱ्यात गेली, तात्यांच्या अगदी समोर उभी राहिली आणि म्हणाली, "मला वाटलं तुम्ही माझ्यावर रागावलात."

"कशाबद्दल गं, पोरी?"

मोठ्या बाई पुढे आल्या. "तात्या, सोमवारी कामावर या!" त्या एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या की बाहेर बाकांवरची माणसं आत डोकावली.

"ओरडू नका, बाई," तात्या म्हणाले. "सावकाश बोला. तोंड दिसलं की पुरे."

७

रांग परत तयार झाली. तात्यांनी फळ्यांवरून केसपेपर काढून दिले, धाकटीनं ते कॉम्प्युटरमध्ये घातले. कोण कधी आलं हे तात्यांना बंद डोळ्यांनी माहीत होतं. मावशीचा नंबर परत शेवटीच लागला, तो धाकटीनं स्वतः तपासून घेतला.

केबल मी नव्यानं टाकली. तीच पातळ काळी, पण लांब. भिंतीवरून छतावर नेली आणि खोलीच्या मधोमध एका नळीतून खाली सोडली. फळ्या भिंतींना गेल्या आणि टेबलं मध्ये आली, समोरासमोर. बाई म्हणाल्या, एवढी जास्तीची केबल कशाला? मी म्हणालो, लागते. पूर्वी मी ऑफिसात गेलो की आधी अंतरं मोजायचो. आता आधी विचारतो, कोण कुणाकडे तोंड करून बसणार आहे. केबल त्यानंतर निवडतो.

टीव्हीचा तुकडा परत द्यायला मी तात्यांकडे गेलो, तर ते म्हणाले, "तुम्हीच ठेवा. मला काय करायचाय?" मग म्हणाले, "तुम्हाला कसं कळलं? इथं कुणाला कळलं नाही."

मी त्यांना हिच्याबद्दल सांगितलं. ही गेल्यापासून मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. बहीण फोनवर विचारायची, पण फोनवर मला बोलता येत नाही. समोर तोंड लागतं. मी सांगत होतो आणि तात्या माझ्या ओठांकडे बघत होते, एकही शब्द सुटू नये असे. मध्येच माझे ओठ नीट हलेनात. ते थांबले, घाई केली नाही.

पुढच्या रविवारी संध्याकाळी ते माझ्या घरी आले. मी दार उघडलं आणि आत बोलावलं, आणि मग लक्षात आलं की घरात बसण्यासारखी खुर्ची एकच आहे, पलंगाजवळची, माझी. मी ती त्यांना देऊ लागलो.

"नको," तात्या म्हणाले. "तुम्ही तिथं बसा. मी इकडे बसतो." आणि ते पलंगाच्या कडेवर बसले, खिडकीकडे पाठ करून.

मी दिवा वळवायला हात पुढे केला. तो हिच्या वेळेपासून माझ्या खुर्चीकडेच वळवलेला होता.